बिनकारणाची रजा

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी दाक्षायणीनं सवयीनं फोन उघडला आणि कारखान्याच्या ग्रुपवर आपलंच नाव वाचलं. टाइमकीपर गुंडानं रोजच्यासारखी हजेरी टाकली होती. कटिंगला कोण, शिलाईला कोण, काज-बटनाला कोण, आणि सगळ्यात खाली, चेकिंगच्या नावापुढे, ‘दाक्षायणी मॅडम – रजा’. तिनं कप खाली ठेवला. नोकरी सोडून तिला पंधरवडा होत आला होता. हातातली कात्री टेबलावर ठेवून, पर्स उचलून, सगळ्यांच्या देखत ती बाहेर पडली होती, आणि इथं आपली गुंडाची हजेरी तिला खुशाल रजेवर पाठवून मोकळी. तिनं बोटानं मागचे दिवस वर सरकवत नेले. कालही रजा. परवाही रजा. दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यापासून रोज, न चुकता. इतके दिवस ग्रुप उघडायचाच नाही असं ठरवून तिनं आवाज बंद करून ठेवला होता आणि त्या शहाणपणात हे सगळं तिच्या मागं घडत होतं. चहावर साय धरली. तिला राग आला नाही. कोणीतरी खांद्यावर हळूच हात ठेवावा आणि वळून बघितलं तर माणूसच नसावं, तसं काहीतरी झालं.

नवरा सिद्धलिंग डबा भरून निघायच्या बेतात होता. विमा कंपनीत कारकून, स्वभावानं थंड. तिनं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि म्हणाला, “बरंय की. म्हणजे नोकरी शाबूत हाय.” शाबूत हा शब्द तो गेल्यावरही स्वयंपाकघरात रेंगाळत राहिला. कोणाची शाबूत? ती ओट्याशी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की आपण अजून उभ्याच आहोत. जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये ती इतकी वर्षं राहत होती, पण घरात बसायची म्हणून अशी तिची जागाच नव्हती. सिद्धलिंगची होती, टीव्हीसमोर. लेक राजेश्वरी लग्न होऊन हुबळीला गेली तरी तिची खिडकीतली खुर्ची होती. दाक्षायणीची जागा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होती, गुरुशांत अण्णांच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात, चेकिंगच्या लांबलचक टेबलामागे, ट्यूबलाइटखाली, आणि तिथंही ती जागा उभं राहायचीच होती. शर्ट उचलायचा, कॉलर बघायची, काखेची शिवण ताणायची, लोंबता दोरा कापायचा, घडी घालायची. शाळा कुठलीही असो, निळा असो की खाकी, पोरांच्या काखा सगळ्या सारख्याच. हे काम तिला आवडायचं. ते आवडत नव्हतं म्हणून तिनं सोडलं असं कोणी समजू नये.

सोडलं ते एका उन्हापायी. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. दसऱ्याच्या सुमारास एके दिवशी कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर उडाला आणि अण्णांनी अकरालाच सगळ्यांना घरी सोडलं. दाक्षायणी कुलूप उघडून आत आली, चप्पल काढली आणि तिथंच थबकली. स्वयंपाकघराच्या फरशीवर, गॅस सिलिंडरच्या अलीकडे, उन्हाचा एक लांब पट्टा पडला होता. त्या जागी ऊन येतं हे तिला माहीतच नव्हतं. रविवारी कसं कळलं नाही? रविवारी ती त्या वेळी धुणं घेऊन मागच्या गॅलरीत असायची, नाहीतर कोणाच्या तरी कार्यक्रमाला. ती तशीच खाली बसली. ऊन पायावर आलं. खाली कुठंतरी कुकर वाजत होता, भंगारवाला ओरडत गेला, मग बराच वेळ काहीच झालं नाही. आपण गैरहजर असताना आपलं घर हे असं असतं, शांत, स्वतःपुरतं, हे बघून तिला आधी परकं वाटलं आणि मग हेवा वाटला. आपल्याच घराचा हेवा. पट्टा सरकत भिंतीला टेकला तेव्हा ती उठली, आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एकच इच्छा घर करून बसली, की असा एक दिवस मागून घ्यायचा. सणाचा नको, पाहुण्यांचा नको, दवाखान्याचा नको. नुसता दिवस.

आता कारखान्यात रजा होती. नव्हती असं नाही. पगारी रजा साठायची, पुढच्या वर्षात जायची, आणि दाक्षायणीची तर इतकी साठली होती की अण्णा पाहुण्यांपुढे ते अभिमानानं सांगायचे. पण रजा घ्यायची म्हणजे कोणीतरी मरायला तरी पाहिजे, नाहीतर बाळंत तरी व्हायला पाहिजे. लग्न चालायचं, जावळ चालायचं, सासूचा मोतीबिंदू चालायचा. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. सगळ्यांच्या अंगात तो मुरलेला होता. म्हणून दिवाळी झाली, माल पाठवून झाला, काम थंडावलं, आणि मंगळवारी दुपारी दाक्षायणीनं टेबलाजवळून जाणाऱ्या अण्णांना उद्याची रजा मागितली, तेव्हा अण्णांनी साहजिकच विचारलं, “कोण आजारी हाय?”

“कोणी नाही, अण्णा.”

“मग गावाकडं काय?”

“नाही. घरीच आहे. बसणार आहे जरा.”

अण्णा वाईट माणूस नव्हे. त्यांना खरोखरच गंमत वाटली. ते शिलाईच्या रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाले, “ऐकलं का रे? आपल्या दाक्षायणीला बसायला रजा पाहिजे म्हणे! बसून काय करणार गं? कंटाळशील की. सीझन संपलाय तर जुन्या मालाची छाटणी घे उद्या.” मशिनी थांबवून सगळे हसले. आणि दाक्षायणीही हसली. तेच तिला लागलं. तोंड आपोआप हसलं, मानसुद्धा हलली, जसं काही ती स्वतःच स्वतःवर विनोद करायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर आली. जुन्या मालाचा ढीग टेबलावर तयार होता. तिनं पहिला शर्ट उचलला, दोरा कापला, घडी घातली, आणि कात्री खाली ठेवली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. दारातून बाहेर पडताना प्रेसवाल्या बसूनं “कुटं चाललाव?” म्हणून विचारलं, त्यालाही तिनं “घरी” एवढंच सांगितलं.

पहिले काही दिवस तिनं ते ऊन मनसोक्त बघितलं. पण तिसऱ्या का चौथ्या दिवशी दारात गुंडा उभा राहिला, हातात अव्वांचा पितळी डबा. अव्वा म्हणजे अण्णांची आई. कारखान्यातलं कोणी रुसून घरी बसलं की अव्वा डबा पाठवायच्या. शेंगापोळ्या, वर तुपाची वाटी. माणसानं डबा ठेवून घ्यायचा, आणि परत करताना त्यात घरचं काहीतरी घालून द्यायचं. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही तर घरोघरची रीत. पण कारखान्यात त्या रीतीला एक अर्थ चिकटला होता. भरला डबा परत आला की रुसवा संपला, माणूस उद्या-परवा येणार, तोवर रजा. दाक्षायणीनं हे कैक वेळा बघितलं होतं. शिलाईतली माणसं अशीच परत आलेली, तीही त्यांच्यावर हसलेली. आणि तरी त्या दुपारी तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला, शेंगापोळ्या काढून ठेवल्या, डबा विसळला, आणि दिवाळीचे उरलेले बेसनलाडू त्यात मांडून गुंडाच्या हातात दिला. वर म्हणाली, “अव्वांना नमस्कार सांग.” मनात काही नव्हतं. हात करत गेले. शेंगापोळी चांगली झाली होती, तिनं दोन खाल्ल्या.

म्हणजे त्या डब्यापाशी हे झालं होतं. आज ओट्याशी उभी राहून तिनं सगळं नीट जुळवलं. तिला वाटत होतं आपण मोकळ्या आहोत. आपले दिवस आपण घालवतोय. आणि तिकडे त्या दिवसांवर रोज सकाळी शिक्का बसत होता. ती फरशीवर पाय पसरून बसली होती तेव्हा रजा, झोपली होती तेव्हा रजा, राजेश्वरीशी फोनवर तासभर बोलली ती रजा. वर्षानुवर्षं न घेतलेली, जमा झालेली तिची रजा रोज एकेक दिवसानं कमी होत होती, आणि ती कशाला कमी होत होती, तर तिनं नोकरी सोडलीच नाही हे दाखवायला. असंच चालू दिलं तर हिशोब मागायला जाऊ तेव्हा पदरात काय राहणार? शेवटच्या महिन्याचा पगार राहिला होता तोही असाच कुठंतरी विरघळणार. तिनं मागितली तेव्हा एक दिवस दिला नाही, आणि आता न मागता रोज देतायत. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन सिलिंडरजवळ आलं. ती त्याच्याकडे बघेना. बघितलं असतं तर तेसुद्धा अण्णांनी पाठवल्यासारखं वाटलं असतं.

खालच्या मजल्यावर वेणीमाधवकाका राहत, कामगार खात्यातून निवृत्त झालेले. दाक्षायणीनं त्यांना सगळं सांगितलं. फक्त उन्हाचं नाही. काकांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं. “ताई, न सांगता सोडली म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. तो द्यावाच लागतो. साठलेल्या पगारी रजेचे पैसेही तुमचेच. नोटिशीचं काही लेखी ठरलं असेल तर फार तर तेवढं कापतील. तुम्हाला नेमणुकीचा कागद दिला होता?”

“मागितला होता. घरच्या माणसाला कागद कशाला, म्हणाले.”

“मग कापणार कशाच्या जोरावर?” काका हसले, आणि मग अडकित्ता बाजूला ठेवून म्हणाले, “पण एक विचारू? तुम्ही सोडली, हे त्यांना कळलंय का?”

“मी उठून आले की काका, सगळ्यांसमोर.”

“उठून तर माणूस जेवायलाही येतो.”

हे वाक्य तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. सोडली हा शब्द ती अजून कोणापाशी बोललीच नव्हती. बसूला घरी म्हणाली. सिद्धलिंगला, मी काही जायची नाही आता. लेकीला, कंटाळा आला बाई. तो एक शब्द तिनं तोंडातच धरून ठेवला होता आणि समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा करत बसली होती. वर जाऊन तिनं साडी बदलली. कारखान्यात जाताना नेसायच्या त्या मळखाऊ साड्यांतली नाही, चांगली, मोरपंखी. स्कूटी काढली.

आसरा चौकातून होटगी रोडला वळताना तिच्या लक्षात आलं की या वेळी हा रस्ता आपण कधी बघितलेलाच नाही. रोज सकाळी ती इथून जायची तेव्हा शाळेच्या रिक्षा, दूधवाले, धावपळ. आता दुकानदार पेपर वाचत बसले होते. एक बाई रस्त्याच्या कडेला निवांत भाजी निवडत होती. सिग्नलला थांबल्यावर रिक्षात कोंबलेली बालवाडीची पोरं दिसली, आणि त्यातल्या एकाच्या शर्टाच्या खिशाला लोंबता दोरा. तिची बोटं ब्रेकवर आपोआप चिमटीत आली. हा आपल्याकडचा माल नव्हे, तिनं स्वतःला सांगितलं, आपल्याकडून असा गेला नसता. मग तिला हसू आलं. आपल्याकडून म्हणे! सिग्नल सुटला. तिच्या मनात एक जुनी भीती हळूच डोकं वर काढत होती, की तिथं पोचल्यावर आपण पुन्हा हसू. अण्णा काहीतरी बोलतील, सगळे बघतील, आणि हे तोंड आपल्याला न विचारता हसेल. आई अक्कलकोटला असताना एकदा कुठल्याशा बाईनं आईच्या तोंडावर तिच्या रंगावरून काही बोलून दाखवलं आणि आई हसली होती. दाक्षायणी तेव्हा लहान होती, आईच्या पदराआड. तिला वाटलं होतं की आईला खरंच गंमत वाटली. शांती चौक मागं पडला. तिनं दातांवर दात घट्ट धरले, मग सैल सोडले. नाही, हसणार नाही. आणि रडणारही नाही, तो तर त्याहून सोपा मार्ग. तिला जे सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं.

अण्णांच्या केबिनमध्ये अव्वा नेहमीसारख्या दिवाणावर बसल्या होत्या. त्या रोज जेवणापर्यंत इथंच असत, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, मांडीवर जपाची पिशवी. दाक्षायणीला बघून त्यांचा चेहरा फुलला. “बा, कुंद्रु,” त्या म्हणाल्या. ये, बस, असं त्या प्रत्येकाला म्हणत. बसत मात्र कोणी नसे.

“आलीस?” अण्णा फायलीतून वर बघत म्हणाले. “झाली मनासारखी रजा? लाडू लई झकास होते बघ.”

“अण्णा, मी रजेवर नाही. मी नोकरी सोडली.”

तिचाच आवाज तिला नवा वाटला. मोठा नव्हता, पण कापराही नव्हता. अण्णांनी पेनाला टोपण लावलं. “रागात सोडलीस. रागातलं कोण धरतंय? हसलो त्या दिवशी, चुकलं माझं. डबा घेतलास की तू.”

“घेतला. जेवले. चांगला होता. अव्वांनी मायेनं पाठवला, मी मायेनं घेतला. त्याचा नोकरीशी संबंध नाही. ज्या दिवशी गेले त्या दिवसापासून माझी रजा कापायची बंद करा. त्या दिवसापर्यंतचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे, एवढा हिशोब करून द्या.”

“अस्सं.” अण्णा खुर्चीत मागं रेलले. आता त्यांच्यातला व्यापारी जागा झाला होता. “मग न सांगता गेलीस म्हणून महिन्याचा पगार मी कापतो. रीत हाय ती.”

“कुठं लिहिलीय? मला कागद द्या म्हटलं तर घरच्या माणसाला कशाला, म्हणालात. असेल कागद तर दाखवा, तेवढं कापा. मी हूं की चूं करणार नाही.”

“कोण शिकवायलंय तुला हे?”

“शेजारचे काका. कामगार खात्यात होते.”

“म्हणजे तू आता तिकडं जाणार? आमच्यावर?”

“तुम्ही दिलंत तर कशाला जाऊ, अण्णा?” ती म्हणाली. “दिलं नाहीत तर जाईन की.”

बाहेर मशिनी चालू होत्या. अण्णा तिच्याकडे बघत होते आणि ती त्यांच्याकडे, आणि तिला जाणवलं की आपलं तोंड आपल्याच ताब्यात आहे, अगदी ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. तिला मनातून फार बरं वाटलं. अण्णांनी गुंडाला हाक मारून रजेचा हिशोब मागवला. पुन्हा एकदा म्हणाले, “राहा की. पगार वाढवतो.” तिनं मान हलवली. मग त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला, काही वेळ बोटं चालवली, कपाळाला आठी घालून चेकबुक काढलं. चेक फाडून तिच्याकडे देता देता त्यांचा हात थांबला. तो वळला, अव्वांकडे. “अव्वाच्या हातनं घे. रीतीनं होऊ दे सगळं.”

रीत म्हणजे पगाराची रीत. महिन्याच्या पगाराला सगळे रांग लावून या केबिनमधून जायचे. वाकायचं, अव्वांच्या पायांना हात लावायचा, त्या कपाळाला विभूती लावणार, मग पाकीट. आधी नमस्कार, मग पगार. त्यात कोणाला कधी कमीपणा वाटला नाही, दाक्षायणीलाही नाही. सगळ्या आयुष्यात तिला स्वतःच्या आईची पावलं आठवत नव्हती इतकी अव्वांची पावलं पाठ होती. टाचेच्या भेगा, करंगळीचं वाकडं नख. प्रत्येक पगार तिनं आधी त्या पावलांवर बघितला होता. हात आपोआप पदर सावरायला गेला. कंबर आपोआप सैल झाली. तिनं ते ओळखलं, डबा विसळताना ओळखलं नव्हतं तसलंच हे. अव्वा चेक धरून वाट बघत होत्या, त्यांच्या डोळ्यांत नुसतं कौतुक होतं, आणि म्हणूनच हे कठीण होतं. समोरच्या माणसानं वाईट असायला पाहिजे होतं. आत्ता आपण वाकलो तर हे कामाचे पैसे राहणार नाहीत. अव्वांनी दिले, असं होईल. आणि न वाकता निघून गेलो तर या म्हातारीनं काय पाप केलंय?

दाक्षायणीनं भिंतीकडची खुर्ची ओढली आणि ती अव्वांच्या समोर बसली. टेकून, नीट. अण्णांच्या केबिनमध्ये कामाचं माणूस बसलेलं कोणी बघितलं नव्हतं. गुंडा दारातच अवघडला. अव्वा क्षणभर गोंधळल्या, चेक पुढे करावा की नको असं त्यांच्या हाताला झालं. दाक्षायणीनं उजवा हात पुढे करून तो घेतला. आकडा वाचला. अण्णांनी सरकवलेल्या पावतीवर सही केली, तारीख घातली, आणि कोणत्या दिवसापर्यंतचा हिशोब तेही आपल्या हातानं लिहिलं. चेक पर्समध्ये ठेवून चेन लावली.

मग ती उठली, पदर सावरला आणि वाकली.

अव्वांनी चटकन पाय दिवाणाखाली ओढून घेतले. “आता कशाला गं?” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता. “पगार घेतलास की.”

“हा पगाराचा नाही, अव्वा.”

ती वाकलेलीच राहिली. बाहेर कोणाची तरी मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली. अव्वांनी थोडा वेळ घेतला, आणि मग एकेक करून दोन्ही पाय पुढं ठेवले.